टोपीवाल्यांची पिसं

१५ सप्टेंबर

त्रिफोन,

नमस्कार, कुशल वगैरे लिहीत नाही. तू कुशल आहेस हे मला भिंतीवरून दिसतं. काल संध्याकाळी लिंबोणीखाली एका खुर्चीवर बसला होतास आणि दुसरीवर पाय पसरले होतेस. लंडनहून हीच एक गोष्ट शिकून आलास वाटतं.

पत्र बघून तुला वाटेल, म्हातारा नरमला. नरमलो नाही. गेल्या ऑक्टोबरात मी मरियममातेच्या तसबिरीसमोर छातीवर क्रूस करून शपथ घेतली, की या सख्ख्या भावाशी आता तोंडाने एक शब्द बोलणार नाही. लिहिणार नाही असं काही म्हटलं नव्हतं. जवळजवळ वर्षभर गप्प राहिलो. पोटात साठून साठून आता अपचन व्हायला लागलंय, म्हणून लिहितो. पत्र एलेंगू आणून देईल. बायकोला टपालवाली केलं म्हणून लोक हसतील, हसू देत. तुझ्या दारात मी पाय ठेवणार नाही, आणि पोस्टात टाकलं तर पत्र आधी लार्नाका शहराची वारी करेल आणि मग दहा पावलांवरच्या भिंतीपलीकडे येईल.

काम एवढंच, की आपल्या सामाईक भिंतीवर तू पाण्याची थाळी ठेवली आहेस, ती काढ.

टोपीवाले यायला लागलेत. परवापासून पहाटे डाळिंबात त्यांची टक-टक ऐकू येते, दोन खडे एकमेकांवर आपटावेत तशी. चिमणीएवढं राखाडी पाखरू, नराच्या डोक्यावर काळी टोपी, मादीच्या तपकिरी, आणि वाटेतली अंजिरं खाऊन अंगात नुसतं लोणी. बाबा म्हणायचे, गरिबाचं मटण उडत येतं. त्या मटणावर आपण दोघं वाढलो. तू चाळीस वर्षं तिकडे मासे तळून विकलेस, बायको गेल्यावर परत आलास, बाबांच्या आवाराचा अर्धा भाग मागितलास, मी दिला. बागेतही अर्धा वाटा दिला. आणि आता तू टोपीवाल्यांना थाळीतून पाणी पाजतोस. बाबांनी पाहिलं असतं तर थाळी तुझ्याच डोक्यावर घातली असती.

मी काही विसरलेलो नाही. गेल्या वर्षी पहाटे शिकारखात्याची गाडी आली ती थेट डाळिंबाच्या बागेत. रस्ता विचारला नाही की कुंपण चाचपलं नाही. पाखरं चिकटवायच्या माझ्या चिकाच्या काड्या फांदी-फांदीवरून उचलल्या आणि माझ्यासमोर जाळल्या. मग बंदी मोडली म्हणून कोर्ट, दंड, पेपरात नाव. ऐंशीला टेकलेला माणूस, गुन्हेगार! गावात निम्म्या घरांत काड्या लावतात, पण गाडी आली ती माझ्याकडे, म्हणजे कुणीतरी फोन केला. कुठल्या झाडावर काड्या आहेत हे तिघांनाच माहीत होतं. मला, एलेंगूला आणि तुला. मी स्वतःला धरून देणार नाही. एलेंगू माझी बायको आहे. मग उरलं कोण, ते शाळेतलं पोरही सांगेल.

थाळी काढ.

इलारियोन


२८ सप्टेंबर

त्रिफोन,

तुझं उत्तर मिळालं. लिहायला तुझं ग्रीक गंजलंय असं दिसतं, म्हणून एलेंगूच्या तोंडी पाठवलंस. तिने शब्दाला शब्द सांगितलं: "त्याला म्हणावं, फोन मी केला असं त्याला वाटत असेल, तर वाटू दे. थाळी राहील."

याला आमच्याकडे कबुली म्हणतात. निर्दोष माणूस असं बोलतो का? निर्दोष माणूस बोंब मारतो, आईची शपथ घेतो, चार माणसं गोळा करतो. तू गेल्या वर्षी काय केलंस? मी अंगणात उभा राहून तुला खबऱ्या म्हटलं, सगळी गल्ली ऐकत होती, आणि तू टोपी काढून डोकं खाजवलंस. एक शब्द बोलला नाहीस. त्याच दिवशी हांबीसने आपल्या कॉफीघरात तुझी कॉफी बंद केली. ते मी सांगितलं नव्हतं, त्याचं त्याने केलं. इंग्रजांच्या काळात या गावाने खबऱ्यांबरोबर काय केलं ते तू लहानपणी पाहिलंयस. त्या मानाने एक कॉफी बंद होणं म्हणजे काहीच नाही.

पण तुझ्यावर संशय घ्यायला मला फोनचीही गरज नव्हती. तू मुळात तसलाच. बाबा आपल्याला काड्यांवरून पाखरं काढायला पाठवायचे, आठवतं? मी आपला त्यांनी दाखवल्याप्रमाणे काम उरकायचो. तू मात्र खरुबाच्या झाडामागे लपून पाखराचे पंख तोंडात धरायचास आणि थुंकीने चीक विरघळवून त्याला सोडून द्यायचास. संध्याकाळी तुझे ओठ चिकटलेले असायचे. बाबांनी पट्ट्याने मारलं तरी ओठ उघडत नव्हते, रडायलासुद्धा. तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

आता कान देऊन ऐक. मी काल चिकासाठी भोकरं उकळली. मागच्या ओढ्याकाठच्या झाडाची, ज्याची बाबा आणायचे त्याच झाडाची. मध घातला, हाताला तार सुटेपर्यंत आटवलं. डाळिंबाचे सरळ फोक कापून बुडवले आणि सावलीत टांगले. यंदाही काड्या लागणार. तुला फोन करायचा असेल तर खुशाल कर, नंबर पाठ असेलच.

एलेंगू कुरकुर करत होती, यंदा नको म्हणून. पिसांचा भुगा नाकात जातो, खोकला येतो, असं म्हणते. मी म्हटलं, खिडकी उघडी ठेवून बस. बायकांना काही ना काही निमित्त लागतं. लग्न होऊन आली तेव्हापासून दर शरदात ती पिसं काढते, आत्ताच बरा खोकला आठवला. ते डॉक्टरबिक्टरचं खूळ तूच तिच्या डोक्यात घातलं असणार.

इलारियोन


७ ऑक्टोबर

त्रिफोन,

काड्या लागल्या. पहिली पाटी भरून आली. गाडी आली नाही. म्हणजे या वर्षी तुझी हिंमत झाली नाही, याची मी नोंद घेतली आहे.

काल दुपारी एलेंगूच्या हाती ताट पाठवलं ते मुद्दाम. उकडलेले टोपीवाले, त्याच पाण्यात शिजवलेला दलिया, वर लिंबू. चव चाळवण्यासाठी नव्हे, जखमेवर मीठ म्हणून. तुझ्याकडून रिकामं ताट परत येणार नाही हे माहीत होतं, एवढी रीत तू विसरला नसशील. ताट घासून आलं, त्यात चार डाळिंबं. मी एलेंगूला विचारलं, खाल्लं का त्याने? ती म्हणाली, "खाल्लं." कसं खाल्लं विचारलं, तर म्हणते, "तोंडाने." तुझ्या संगतीने तीही उलटं बोलायला लागली आहे.

डाळिंबं मी खाल्ली नाहीत. तुझ्या बाजूच्या झाडाची होती ना, ती गोड असतात हे मला ठाऊक आहे. शेळीला घातली.

एक गंमत लिहितो, तुझं मनोरंजन म्हणून नाही. परवा एलेंगू मागच्या पडवीत पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. आताशा फार सावकाश काम करते. बोटं सुजतात म्हणे. मी म्हटलं, तेल लाव. तर ही मला म्हणते, "इलारियोन, तू का नाही काढत पिसं?" मला इतकं हसू आलं की मी तसाच उठून हांबीसकडे गेलो आणि सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. पाद्रीसुद्धा. हांबीस म्हणाला, उद्या ती तुला भाकरी थापायला बसवेल आणि स्वतः इथं येऊन सोंगट्या खेळेल. दोन दिवस तोच विषय चालला होता.

तू नसतोस तिथे, म्हणून कळवलं.

इलारियोन


२२ ऑक्टोबर

त्रिफोन,

काल तू जे केलंस त्याला काय म्हणावं, मला शब्द सापडत नाही. सापडतील तेवढे इथे लिहितो.

माझ्या नावाचा दिवस. संत इलारियोनाच्या दिवशी माझं दार सकाळपासून उघडं असतं, आमंत्रण कुणाला नसतं, येईल त्याला बस म्हणायचं असतं. शत्रू आला तरी चमचाभर मुरांबा आणि पेलाभर पाणी दिल्याशिवाय परत पाठवायचं नसतं. ही रीत बाबांची, त्यांच्या बाबांची. तुला ती बरोबर ठाऊक. म्हणूनच आलास. पाद्री बसलेला, हांबीस बसलेला, गल्लीतले सगळे बसलेले, आणि तू कोट घालून, केस विंचरून दारात उभा.

मी काय करणार होतो? बोलता येत नाही, शपथ आहे. हाकलता येत नाही, रीत आहे. मी छताकडे बघितलं. कुणीही सरकून जागा दिली नाही. मी खूण केली असती तर दिली असती. नाही केली. का करू?

हांबीस तुझ्यासमोर, मोठ्याने, माझ्याकडे बघून म्हणाला: "खबऱ्याला मुरांबा कशाला? तो तसाच गोड गातो."

हसले सगळे. मीही हसलो. तेवढ्यात एलेंगू आतून ताट घेऊन आली. कोवळ्या अक्रोडांचा मुरांबा, तिच्या हातचा. पहिला चमचा पाद्र्याचा असतो हे कुत्र्यालाही माहीत आहे. ती पाद्र्याला ओलांडून, माझ्या मांडीला झगा घासत, थेट दाराशी गेली आणि पहिला चमचा तुला दिला. चमचा इतका काठोकाठ भरला होता की पाक तिच्या मनगटावरून ओघळला. तू म्हणालास, "हात भरले तुझे, एलेंगू." ती म्हणाली, "भरू दे." माझ्या घरात, माझ्या नावाच्या दिवशी, माझ्या बायकोने मला सगळ्या गावासमोर तोंडघशी पाडलं. पाहुणे गेल्यावर मी ताट आपटलं. दोन पेले फुटले. तिने निमूट काच गोळा केली आणि म्हणाली, "आणखी काही आपटायचं असेल तर आत्ताच आपट, नंतर झाडू काढणार नाही."

आणि तू निघताना काय बोललास? माझ्याकडे बघून नाही, पाद्र्याकडे बघून. "मी महिना संपला की परत चाललो, मुलीकडे. बागेतला माझा वाटा इलारियोनचा. कागद करून ठेवलाय."

भीक घालतोस का मला? बाग अशी कोट झटकल्यासारखी टाकून दिलीस! ज्या झाडांना बाबांनी गाढवावरून पाणी घातलं, ती झाडं. मला नको तुझा वाटा. मला तुझं काहीही नको. पण गेलास तर लोक म्हणतील, भावाने हाकलला. म्हणजे जातानाही माझंच नाव खराब करून जाणार. मोठा हिशेबी आहेस.

जा. थाळी घेऊन जा.

इलारियोन


२७ ऑक्टोबर

त्रिफोन,

आज तुझ्या खिडकीचा पडदा काढलेला दिसला. आवरायला लागलास वाटतं.

तुला काही सांगायचंय म्हणून लिहीत नाही. फक्त चुकीच्या गोष्टी लक्षात आणून देतो. तुझ्या मुलीचं घर चौथ्या मजल्यावर आहे, तूच सांगत होतास, आणि तुझा गुडघा आपल्या ओट्याची एक पायरी चढताना कुरकुरतो. तिचा नवरा दलिया खात नाही. तिकडे नोव्हेंबरात दुपारी अंधार पडतो, आणि तू लहानपणी अंधारात परसाकडे जायला मला उठवायचास. तुझी बायको मॉरीन होती तोवर ठीक होतं. आता तिथे तुझ्याशी बोलणार कोण?

इथेही कोणी बोलत नाही म्हणशील. त्याला कारण तू आहेस. एकदा, एकदाच जरी म्हणाला असतास, "इलारियोन, चूक झाली, माझ्याने ते बघवलं नाही," तरी मी काय केलं असतं कोण जाणे. लाथ घातली असती. पण नंतर कॉफी मागवली असती. तू ते म्हणत नाहीस. नाहीही म्हणत नाहीस. तुझं हे गप्प बसणं मला फोनपेक्षा जास्त झोंबतं.

एलेंगूला तुझ्याकडे पाठवलं की ती फार वेळ लावते. परत आली की डोळे लाल. कांदा चिरून आले म्हणाली. तुझ्या घरी कांदे कशाला चिरते?

टोपीवाले खूप उतरलेत या आठवड्यात. तुझ्या थाळीवर भांडतात. मी काड्या भिंतीपासून लांब लावल्या आहेत, बागेच्या त्या टोकाला. थाळीचा आदर म्हणून नाही, तिकडे सावली बरी आहे.

इलारियोन


३१ ऑक्टोबर

त्रिफोन,

हे पत्र एलेंगूकडे दिलेलं नाही. मी स्वतः भिंतीवर, तुझ्या थाळीखाली ठेवतो आहे. पाणी सांडून शाई फुटली तर नीट वाच, मी पुन्हा लिहिणार नाही.

परवा संध्याकाळी बादली भरून टोपीवाले आणले आणि नेहमीसारखे पडवीत एलेंगूच्या पुढ्यात ठेवले. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. हलली नाही.

मी विचारलं, काय झालं?

"आज तू काढ."

"काय काढू?"

"पिसं. पकडतोस तू, खातोस तू, गावभर वाटून मिशीला पीळ देतोस तू. काढायचीही तूच."

मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं. तेव्हा तिने उठून दार लावलं, पुन्हा बसली, आणि घरातलं दूध संपलं हे सांगावं तशा आवाजात म्हणाली:

"फोन मी केला होता."

मला वाटलं, तुला वाचवायला खोटं बोलते. तसं म्हटलंही. मग तिने सगळं सांगितलं. मी गेल्या वर्षी तिन्हीसांजेला बागेत काड्या लावत होतो तेव्हा तिने स्वयंपाकघरातून फोन लावला. सांगितलं, डाळिंबं आहेत, खालच्या बाजूने या, वरचं फाटक वाजतं. त्यांनी नाव विचारलं तर म्हणाली, शेजारीण. घरातली माणसं मला पकडून देतात आणि वर फाटक वाजतं हेही आठवणीने सांगतात!

मी ओरडलो नाही. ओरडायला श्वास लागतो. एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं," ती म्हणाली. "खोकला येतो म्हटलं, तू म्हणालास खिडकी उघड. बोटं सुजतात म्हटलं, तू म्हणालास तेल लाव. तू काढ म्हटलं, तू कॉफीघरात जाऊन हसलास. मला पाखरांचा कळवळा नाही, इलारियोन. त्रिफोनला असेल. मला फक्त पिसं काढायची नाहीत. एवढं ऐकायला तुला सरकारी गाडी लागली, आणि गाडी येऊनही तू ऐकलं भलत्याचंच."

आणि तू. तुला पहिल्याच दिवसापासून माहीत होतं. मी अंगणात तुला खबऱ्या म्हणालो त्याच दुपारी ती तुझ्याकडे रडत आली, सगळं सांगते म्हणाली, आणि तू तिला काय म्हणालास तेही तिने मला सांगितलं. "राहू दे. बाईने नवऱ्याला धरून दिलं म्हटल्यावर तुला देवळात उभं करणार नाहीत. माझं काय, मी चाळीस वर्षं अशाच गावात काढली जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. मला सवय आहे."

गाढवा! तुला सवय आहे? मला विचारलंस, मला सवय आहे का? माझ्या भावाला मी माझ्या हाताने वाळीत टाकला आणि तू टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिलास. मोठेपणा करायला दुसरं कुणी मिळालं नाही तुला? सत्तरी ओलांडलीस, पण ओठ अजून तसेच चिकटलेले. तुझा मला इतका राग गेल्या वर्षभरात एकदाही आला नव्हता जितका परवा संध्याकाळी आला.

मग मी पिसं काढायला बसलो. तिला दाखवून द्यायला बसलो, दुसरं काही नाही. म्हटलं, बायकांचं काम, त्यात काय आहे. त्रिफोन, आपल्याला कुणी सांगितलंच नाही रे. एवढंसं अंग, आणि पिसांना अंत नाही. जोर केला तर कातडी फाटते, नाही केला तर निघत नाहीत. चिकाने बोटांना बोटं चिकटतात. भुगा नाकात, घशात, पापण्यांत. पहिल्याच पाखराला इतका वेळ लागला की ते माझ्या हातात गार झालं. अर्धी बादलीही झाली नाही आणि मी खोकून खोकून लाल झालो. ती समोर बसून बघत होती. मी म्हटलं, खिडकी उघड. म्हणाली, "उघडीच आहे."

उरलेले मी बागेत पुरले. माझं मन पालटलं वगैरे समजू नकोस. मला टोपीवाले अजूनही आवडतात आणि उद्या कुणी पिसं काढून ताटात वाढले तर मी खाईन. काढणारं कुणी नाही, एवढंच.

आता पुढचं. काल सकाळी मी हांबीसकडे गेलो. सगळे होते. रात्रभर मी पडून विचार केला होता. तू केलं नाहीस हे सांगायचं, तर केलं कोणी हे सांगावं लागणार. त्या बाईने सबंध आयुष्य माझी पिसं काढली, तिला मी या लोकांच्या तोंडी देऊ? आणि तुझं नाव तसंच राहू देऊ, तर तू रविवारी विमानात बसणार. मी कॉफी मागवली, एक घोट घेतला आणि म्हणालो:

"गेल्या वर्षी फोन मी केला होता."

आधी हसले. हांबीस म्हणाला, "स्वतःवरच? कशाला?"

"पिसं काढून कंटाळलो होतो."

"तू कधी पिसं काढलीस? परवा तर सांगून हसत होतास."

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. नखांखाली काळा चीक, त्यात राखाडी पिसं रुतलेली. घासून घासून निघाली नव्हती. सगळे वाकून बघत राहिले. मग कुणी हसलं नाही. मी म्हटलं, भावावर आळ घातला कारण लाज वाटत होती, आणि तो गाढव गप्प बसला. पाद्र्याने क्रूस केला. कुणीतरी थुंकलं. हांबीसने माझी अर्धी कॉफी पुढ्यातून उचलली आणि मोरीत ओतली. बाहेर निघालो तर दार कुणी धरलं नाही.

आज सकाळी पुन्हा गेलो. माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. इतकी वर्षं ज्यांच्याबरोबर सोंगट्या खेळलो त्यांच्यातल्या एकानेही मान वर केली नाही. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोललं कोण, तर शेळी. तू हे वर्षभर कसं सोसलंस? पण ते विचारायला मी लिहीत नाही.

एलेंगूला कळलं तेव्हा तिने फळीकडे हात केला. मुरांब्याची बरणी उतरवली आणि मला एक चमचा दिला. नावाचा दिवस नसताना. मग पाठ करून भांडी घासत बसली.

तेव्हा आता हिशेब असा. विमान रविवारी आहे, ते मला माहीत आहे. बागेचा कागद मी फाडलाय, तो एलेंगूने तुझ्या टेबलावरून आणला, तिच्यावर चिडू नकोस. उद्या सकाळी मी आपल्या ओट्यावर, माझ्या बाजूला, दोन खुर्च्या टाकणार आहे. दुसरी पाय ठेवायला नाही, हे ध्यानात ठेव. कॉफी एलेंगू करेल, तुझी बिनसाखरेची. हांबीसच्या कॉफीपेक्षा बरी असते, इतकी वर्षं मी तिकडे कशाला जात होतो कोण जाणे. काड्या मी चुलीत घातल्या. थाळीत पाणी कमी झालं होतं, भरलंय.

मरियममातेची शपथ आहे, ती मोडणार नाही. मी एक शब्दही बोलणार नाही.

तू बोल.

इलारियोन